तिच्यावर राज्य का येत नाही?

एका आईचे पत्र आले आहे. त्यांची आठ वर्षांची मुलगी नेहमीच्या शाळेत तिसरीत शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा न राहण्याची अवस्था, आहे; ती वॉकरच्या आधाराने चालते आणि तिचे बोलणे सावकाश, नवख्या माणसाला चटकन न कळणारे आहे. मधल्या सुट्टीत वर्गातली मुले शिवाशिवी खेळतात आणि तिलाही प्रेमाने बोलावतात, पण लिंबूटिंबू म्हणून. तिला कोणी शिवले तरी ती बाद होत नाही आणि तिच्यावर राज्य येत नाही. शेजारी मदतनीस बाई सतत उभ्या असतात. या व्यवस्थेचे आईला समाधान होते. गेल्या महिन्यापासून मात्र मुलगी मैदानावर जायलाच तयार नाही. खूप विचारल्यावर ती इतकेच म्हणाली, "माझ्यावर राज्यच येत नाही." आता शाळेने सुचवले आहे की सुट्टीच्या वेळात तिने थेरपीच्या खोलीत व्यायाम करावा, म्हणजे पडण्याची भीती नाही आणि वेळही सत्कारणी लागेल. नातेवाइकांच्या मते तिला "तिच्यासारख्या" मुलांच्या गटात घालावे. आई विचारतात, तिची समजूत घालून पुन्हा मैदानावर पाठवावे की शाळेचे ऐकावे? आणि बाकीची मुले एवढी चांगली वागत असताना अधिक काही मागणे हा कृतघ्नपणा तर होणार नाही?

तुमचे पत्र वाचताना मी तुमच्या मुलीच्या त्या चार शब्दांपाशी थांबले. तुम्ही ते शब्द नकार म्हणून ऐकलेत. मला त्यात मागणी ऐकू येते. खेळाचा कंटाळा आलेले मूल "नको" म्हणून मोकळे होते. तुमच्या मुलीने तर खेळात नेमके काय चुकते आहे, तेच सांगितले आहे. शिवाशिवीतली सगळी गंमत राज्यावर चालते. शिवले गेलो तर राज्य आपल्यावर येणार, म्हणून पळायचे, हुलकावणी द्यायची, धापा टाकायच्या. ज्याच्यावर राज्य येणारच नाही त्याला पळायचे कारण उरत नाही आणि त्याच्यामागे कोणी मनापासून धावतही नाही. तो मैदानात उभा असतो, त्याचे नाव घेतले जाते, जाता जाता कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून जाते, पण डाव त्याला वगळून पुढे सरकतो. हे तुमच्या मुलीला कळले आहे आणि मोजक्या शब्दांत सांगताही आले आहे. म्हणून तिची समजूत घालण्याआधी तिचे म्हणणे आपल्याला समजले आहे, हे तिला सांगा.

आता कृतघ्नपणाविषयी. वर्गातल्या मुलांचा चांगुलपणा खरा आहे, त्याबद्दल मनात शंका आणू नका. मात्र ही रीत त्यांना कोठून मिळाली, याचाही विचार करा. "तिला सांभाळून घ्या", "तिला धक्का लावू नका", "तिला जिंकू द्या" असे आपण मोठी माणसेच त्यांना सांगत आलो आहोत. खेळायला आलेल्या मुलाला सांभाळून घेणारे नको असतात, त्याला भिडू हवे असतात. मुलांनी सांगितलेले तंतोतंत पाळले, आणि मुळात आपणच त्यांना अपुरे सांगितले होते. तेव्हा अधिक मागणे हा त्यांच्या चांगुलपणाचा अपमान होत नाही. उलट, त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आपण त्यांना सांगत असतो.

पत्रात तुम्ही लिहिले आहे की ती "सगळ्यांबरोबर असते", आणि बहुतेक पालकांचा व शिक्षकांचा पहिला निकष हाच असतो. मुलांचा खेळ निरखणाऱ्यांनी या "बरोबर असण्या"चे बारकावे फार पूर्वी टिपले आहेत. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या खेळाचे प्रकार वेगळे करून दाखवले होते. एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून आपापले खेळणे, एकमेकांत मिसळत खेळणे आणि सगळ्यांनी मिळून एकच डाव खेळणे असे ते प्रकार होते. पुढे अनेकांनी त्यांची पायऱ्यापायऱ्यांची शिडी केली आणि जे मूल वरच्या पायरीवर नाही ते मागे पडले, असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. शेजारी बसून आपले आपण रचत राहणारे मूलही खेळतच असते आणि काही मुलांना, विशेषतः ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना, तोच खेळ मनापासून आवडतो. तेथून त्यांना ओढून गोलात उभे करणे म्हणजे मदत नव्हे. प्रश्न एवढाच असतो की बाजूला बसणे त्या मुलाने निवडले आहे की त्याच्या वाट्याला आले आहे. तुमच्या मुलीने याचे उत्तर देऊन टाकले आहे. एरवी ते मिळवायला पालकांना महिनोन् महिने निरीक्षण करावे लागते.

मदतनीस बाईंविषयी लिहिण्याआधी तुम्हाला एका खेळाविषयी सांगते. बोचिया नावाचा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू पोहोचवायचे, एवढाच त्याचा गाभा. ज्या खेळाडूंना हाताने चेंडू फेकता येत नाही, ते तो एका उतरत्या पन्हळीवरून सोडतात आणि ती पन्हळ हलवायला त्यांच्याबरोबर सहायक असतो. हा सहायक मैदानाकडे पाठ करून बसतो. खेळ चालू असताना त्याला वळून पाहायची मुभा नसते. पन्हळ किती डावीकडे न्यायची, किती उंच करायची, हे खेळाडू सांगणार, सहायक तेवढेच करणार, आणि चेंडू खेळाडू स्वतः सोडणार, मग तो हाताने असो, कपाळाला बांधलेल्या दांडीने असो की तोंडात धरलेल्या. हात सहायकाचे असले तरी डोके पूर्णपणे खेळाडूचे चालते, आणि फटका चुकला तर ती चूकही खेळाडूचीच.

मदतनिसाने कसे असावे, याचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही. एका शाळेच्या मैदानावर मी पाहिलेला प्रसंग सांगते. वॉकर घेतलेल्या मुलाजवळ दोन मुली आल्या आणि त्यांनी विचारले, "हा येतो का खेळायला?" प्रश्न मदतनीस बाईंना होता. बाई मायेने म्हणाल्या, "आज नको, तो दमलाय." मुली निघून गेल्या. तो मुलगा "येतो" म्हणत होता. त्याचे ओठ जुळत होते, शब्द अजून बाहेर पडायचा होता, आणि तो पडला तेव्हा मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्या होत्या. बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्यांनी फक्त उत्तर दिले होते. तेथे त्या एवढेच म्हणू शकल्या असत्या की "त्यालाच विचारा, आणि जरा थांबा, त्याला बोलायला वेळ लागतो." थांबायचे म्हणजे मनात दहा अंक मोजायचे. मोठ्या माणसाला हे दहा अंक फार लांब वाटतात, पण मुलांना त्याची सवय चटकन होते.

तेव्हा शाळेशी बोलताना मदतनीस बाईंना काढून टाका, असे म्हणू नका. त्या कोठे उभ्या राहतील आणि काय करतील, याविषयी बोला. पडल्यावर पोहोचता येईल एवढे अंतर पुरेसे आहे; खांद्याला खांदा लावून मोठे माणूस उभे असले की मुले जवळ येत नाहीत, मनातले बोलत नाहीत आणि भांडतही नाहीत. डाव सुरू करून देणे, मुलीचे म्हणणे कोणाला कळले नाही तर तिच्याच शब्दांत ते पुन्हा सांगणे, नियमावरून गोंधळ झाला तर "आता काय करायचे?" असा प्रश्न मुलांपुढे टाकणे आणि खेळ चालू झाला की दोन पावले मागे सरकणे, इतके त्यांनी केले तरी चित्र बदलेल. अनेक मदतनिसांना हे कोणी सांगितलेलेच नसते. मुलाला इजा होऊ द्यायची नाही, एवढीच सूचना त्यांना मिळालेली असते आणि ती त्या निष्ठेने पाळत असतात.

राहता राहिला खेळ. वॉकर घेऊन चालणारी मुलगी धावणाऱ्या मुलांना शिवणार कशी, हा तुमच्या मनातला प्रश्न मला दिसतो आहे. तिच्यावर राज्य यायचे तर डावाचे गणित बदलायला हवे, आणि ते बदलताना एक पथ्य पाळायला हवे : सवलत एकटीला न देता नियम सगळ्यांसाठी बदलावा. मैदानाची हद्द खडूने आखून लहान केली, की पळणाऱ्यांना कोपऱ्यात अडकण्याची भीती निर्माण होते. सगळ्यांनी पळायचे नाही, फक्त चालायचे, असे ठरले की वेगातला फरक पुष्कळ कमी होतो. हाताने शिवण्याऐवजी मऊ चेंडू मारून बाद करायचे, असे केले की पायांपेक्षा नेमाला महत्त्व येते. राज्य जोडीवर येऊ शकते, शिवला गेलेला प्रत्येक जण राज्य घेणाऱ्याचा साथीदार होऊन साखळी वाढू शकते. यातले तुमच्या मुलीला काय जमेल, काय आवडेल आणि काय मुळीच रुचणार नाही, हे मी येथे बसून सांगू शकत नाही. तुम्हीही एकट्याने ठरवू नका. मुलांना विचारा. "हिच्यावरही राज्य यायला हवे आणि खेळ तर रटाळ व्हायला नको, कसे करूया?" असा प्रश्न तिसरीतल्या मुलांपुढे टाकला, तर ती मोठ्यांच्या बैठकीत न सुचणारे चार उपाय देतील. मुले एरवीही दर सुट्टीत नियम बदलतच असतात. भिडू विषम झाले, चेंडू हरवला, कोणी उशिरा आले की नवा नियम तयार होतो. तुम्ही त्यांना त्यांचेच काम देता आहात.

असे केल्याने खेळ खोटा होतो, असे कोणी म्हणाले तर गोलबॉल आठवा. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली हा खेळ तयार झाला. चेंडूत घुंगरू असतात, प्रेक्षक शांत बसतात आणि प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते, ज्याला थोडे दिसते त्याच्याही. तो अतिशय जोरकस, दमवणारा आणि हरल्यावर झोंबणारा खेळ आहे. नियम सर्वांना सारखे असले आणि निकाल आधीच ठरलेला नसला, की खेळ खरा असतो. मुलांचा न्यायबोध फार तीक्ष्ण असतो. तुमच्या मुलीला मुद्दाम जिंकवले जाते आहे, हे त्यांना दिसले तर ती कुरकुरतील, आणि ती कुरकूर योग्यच असेल.

चालण्याविषयी मला थोडे नाजूक बोलायचे आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना तेवढेच अंतर चालायला इतर मुलांपेक्षा बरीच अधिक शक्ती लागते. वर्गातून मैदानापर्यंत वॉकरने पोहोचण्यात तुमच्या मुलीची किती सुट्टी आणि किती दम खर्ची पडतो, हे एकदा घड्याळ लावून पाहा. डबा, शौचालय आणि ये-जा यांतच सुट्टी संपत असेल तर खेळाचा प्रश्न वेळापत्रकापाशीच अडतो, आणि तिला पाच मिनिटे आधी वर्गातून सोडणे हा साधा उपाय शाळेच्या हाती आहे. दुसरे, काही मुले चालण्याचा सराव वेगळ्या वेळी करतात आणि खेळताना व्हीलचेअर वापरतात, म्हणजे सगळी ताकद खेळाला मिळते. अनेक आईवडिलांना चाकांची खुर्ची म्हणजे हार वाटते. इतके कष्ट घेऊन मूल उभे केले आणि आता पुन्हा बसवायचे, ही भावना मी समजू शकते. पण शिवाशिवी खेळणाऱ्या मुलीला आपण किती छान चालतो हे दाखवायचे नसते, तिला समोरचीला पकडायचे असते. फिजिओथेरपिस्टशी याविषयी मोकळेपणाने बोला आणि निर्णयात मुलीला सामील करा. मैदानाची जमीनही पाहून घ्या. भुसभुशीत वाळूत आणि खडीत वॉकरही रुततो आणि चाकेही.

शाळेच्या सूचनेला माझे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे. व्यायाम आवश्यक आहे, पण त्याची वेळ सुट्टीतून काढायची नाही. गणित कच्चे असलेल्या मुलाची सुट्टी आपण वर्षभर काढून घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने कलम ३१ मध्ये विश्रांती आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या कराराने कलम ३० मध्ये अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात, शाळेतल्या खेळातही, भाग घेता आला पाहिजे, असे म्हटले आहे. बालहक्क समितीने २०१३ मध्ये कलम ३१ चा अर्थ उलगडून सांगताना खेळ म्हणजे मुलांनी स्वतः सुरू केलेली, स्वतःच्या ताब्यात असलेली आणि सक्ती नसलेली कृती, असे वर्णन केले. या वर्णनावर घासून पाहिले तर थेरपीच्या खोलीतला चेंडू हा खेळ ठरत नाही, कारण तो किती वेळा फेकायचा हे दुसऱ्याने ठरवलेले असते. घरीही हे जपा. बोटांच्या व्यायामासाठी मणी, जिभेच्या व्यायामासाठी फुगे असे करत करत मुलाच्या दिवसात निव्वळ खेळ उरतच नाही, आणि हे सर्वांत प्रेमळ, सर्वांत दक्ष घरांत घडते.

सुरक्षिततेची काळजी मात्र झटकून टाकू नका. डॉक्टरांकडून आणि थेरपिस्टकडून एका कागदावर लिहून घ्या की तिच्यासाठी खरोखर धोक्याचे काय आहे : एखाद्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असणे, झटके येणे, डोक्याला मार लागण्याची विशेष भीती असणे. जे त्या कागदावर नाही, ते गुडघे फुटण्याच्या सदरात मोडते, आणि गुडघे सगळ्यांचेच फुटतात. असा कागद हाती असला की शाळेशी बोलणे सोपे जाते, कारण "काही झाले तर?" या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते.

बोलण्याच्या अडचणीवरही एक साधी सोय आहे. वॉकरच्या दांडीला एक छोटा चित्रफलक अडकवता येतो. त्यावर मैदानावर लागणारे शब्द असावेत : माझी पाळी, आउट, थांबा, पुन्हा, फसवलंस, मला नको. "फसवलंस" हा शब्द जरूर घाला; भांडता आले नाही तर खेळता येत नाही. संवादाची साधने मोडतील या भीतीने सुट्टीत कपाटात ठेवली जातात आणि मुले सर्वाधिक बोलतात त्याच वेळी या मुलांचा आवाज बंद होतो. शाळेत असे होत असेल तर ते थांबवायला सांगा.

नातेवाइकांच्या सूचनेत तथ्य आहे, फक्त त्यांचे कारण मला मान्य नाही. अपंगत्व असलेल्या मुलांचा गट तुमच्या मुलीला मिळाला तर चांगलेच आहे. वॉकर अडकला की काय होते, अनोळखी माणसे आईलाच का विचारतात, या गोष्टी तेथे समजावून सांगाव्या लागत नाहीत आणि त्या मोकळेपणाची तिला गरज पडेल. पण शाळेला जमले नाही म्हणून तिची तेथे रवानगी होत असेल, तर तो निरोप तिलाही कळेल आणि वर्गालाही. दोन्हीकडे जाऊ द्या.

अशीच पत्रे लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे सांगते. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत खेळ बहुधा मध्येच बदललेल्या नियमापाशी तुटतो. कोणीतरी ओरडून नवा नियम सांगते आणि हे मूल जुनाच खेळत राहते. हात वर करून सगळ्यांनी थांबायची एक खूण ठरवली तर ते टळते. दिसत नसलेल्या मुलाला मैदान रिकामे असताना हाताने, पायाने ओळखू द्यावे आणि जवळ येणाऱ्याने आपले नाव सांगावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला खेळ समजावून सांगण्यापेक्षा दोनदा खेळून दाखवावा, आणि सोपे जाते म्हणून त्याला सतत धाकट्या मुलांत बसवू नये. ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीत आपण नेहमी त्यालाच "मिसळायला" शिकवतो. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हा न समजण्याचा प्रश्न दुहेरी असल्याचे मांडले : त्याला इतर कळत नाहीत, तसा इतरांना तो कळत नाही. त्याला आगगाड्यांचे वेड असेल तर दोन मुलांना त्याच्या आगगाड्यांत बोलावून पाहा. आणि गोंगाट असह्य झाला तर जाऊन बसायला एक शांत कोपरा असू द्या. तेथून तो आपणहून परत येईल.

सुरुवात मोठ्या बैठकीने करू नका. मुलीला विचारा की वर्गातली कोणती दोन मुले तिला आवडतात, आणि त्यांना सुट्टीच्या दिवशी घरी बोलावा. लहान जागेत, तिघांतच, तिच्यावर राज्य येईल असा डाव त्यांनाच जमवू द्या. जमलेला डाव तीच मुले मैदानावर नेतील, आणि मोठ्यांनी लादलेल्या नियमापेक्षा तो जास्त टिकेल. वर्गासमोर तिच्या अपंगत्वाविषयी काही सांगायचे असेल, तर काय सांगायचे आणि काय नाही हे तिला ठरवू द्या. त्यानंतर वर्गशिक्षकांना भेटा आणि तीन गोष्टी मागा : पाच मिनिटे आधी सुटणे, मदतनीस बाईंची उभे राहण्याची जागा आणि तो चित्रफलक. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायचे आताच ठरवून घ्या, नाहीतर सगळे विरून जाते.

एखाद्या दिवशी ती रडत किंवा चिडून घरी येईल आणि सांगेल की अख्खी सुट्टी तिच्यावरच राज्य राहिले, कोणी सापडलेच नाही, अमक्याने फसवले. तेव्हा तिचे सगळे ऐकून घ्या, कोणी फसवले, कसे फसवले, हेही विचारा, आणि त्या संध्याकाळी शाळेला फोन मात्र करू नका. उद्या त्या अमक्याला कसे पकडायचे, हे तिच्याबरोबर बसून ठरवा.